एसटीपीच्या पाण्यावर फळझाडे आणि भाजी: काय लावावे, काय टाळावे

मुलुंडच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सुमारे दोनशे घरे आहेत आणि तळघरात एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र) चालू आहे. शुद्ध केलेले पाणी फ्लशला वापरूनही भरपूर उरते, ते गटारात सोडावे लागते आणि उन्हाळ्यात बागेसाठी मात्र टँकर मागवावा लागतो. ते उरलेले पाणी कंपाउंडलगतच्या नारळ-आंब्यांना आणि पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर) नव्याने करायच्या भाजीला द्यावे का, यावरून सभेत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, 'लॅबचा रिपोर्ट चांगला आहे, मग हरकत काय?' दुसऱ्या बाजूचे, 'म्हणजे रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकणारा पालकच की हा!' ती भाजी नैवेद्याला चालेल का, असेही एका आजींनी विचारले.

ताई, आधी निर्णय सांगतो, कारणे मागून. नारळ, आंबा, फणस, चिकू, शेवगा, केळ यांना हे पाणी खुशाल द्या (आंब्याला मात्र वेळ पाहून). दुधी, पडवळ, दोडका, कारले, घोसाळे असे मांडवावर चढणारे आणि शिजवूनच खायचे वेलही चालतील, पण पाणी ठिबकनेच द्यायचे. कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, बीट, कांद्याची पात, सॅलडची पाने यांना हे पाणी देऊ नका, रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. वांगी, भेंडी, टोमॅटो, मिरची ही मधली मंडळी. त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

कारण समजून घ्यायला थोडे आकडे लागतील. घरातून निघालेल्या कच्च्या मैलापाण्यात १०० मिलीमध्ये विष्ठेतले जिवाणू साधारण १ कोटीच्या घरात असतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते १०० मिलीत १००० पेक्षा कमी हवेत. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने याहून कडक पातळी सांगितली. एक कोटीवरून एक हजारावर येणे म्हणजे दहाने भागण्याच्या चार पायऱ्या उतरणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कच्च्या खायच्या पालेभाजीसाठी अशा सहा पायऱ्या उतरायला हव्यात आणि कच्च्या खायच्या कंदमुळांसाठी सात. म्हणजे तुमचा रिपोर्ट कायद्याने पूर्णपणे 'चांगला' असला तरी कोथिंबिरीच्या हिशेबात तो दोन पायऱ्या वरच उभा आहे. पाणी गटारात, नदीत किंवा बागेत सोडायला ठीक आहे एवढेच तो रिपोर्ट सांगतो. चटणीत घालायच्या पानाबद्दल त्याने काहीच सांगितलेले नाही.

उरलेल्या पायऱ्या यंत्राबाहेरही उतरता येतात, आणि हीच त्या मार्गदर्शक सूचनांमधली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. ठिबक वापरले आणि फळ जमिनीपासून उंच असले तर चार पायऱ्या मिळतात. पीक जमिनीलगतचे असेल तर ठिबकनेही दोनच मिळतात. शेवटचे पाणी दिल्यानंतर काढणीपर्यंत जे दिवस जातात, त्यांत ऊन आणि कोरडेपणा यांमुळे दिवसाला अर्धी ते दोन पायऱ्या. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर एक, साल काढल्यावर दोन, आणि नीट शिजवल्यावर सहा ते सात.

आता नारळ घ्या. एसटीपीच्या चार, उंचावरचे फळ आणि ठिबक यांच्या चार, वर सोडण आणि करवंटी. शहाळे फोडणाऱ्याचे हात आणि कोयता स्वच्छ असणे, एवढीच काळजी उरते. मांडवावरच्या दुधीच्या पायऱ्या मोजा: चार, आणखी चार, साल काढल्याच्या दोन आणि कुकरच्या शिट्ट्या. यातली एखादी पायरी एखाद्या दिवशी फसली तरी माणूस आजारी पडत नाही. कोथिंबिरीचे तसे नाही. ती जमिनीलगत वाढते, वाफ्यातले पाणी आणि माती पानांवर उडते, सकाळी काढून दुपारी वरणावर कच्चीच पडते. तिच्याबाबतीत एसटीपीच्या चार पायऱ्या आणि नळाखाली धुतल्याची एक, एवढ्यावर सगळा भार येतो. धुणे तरी प्रत्येक घरी कसे होते? दोनशे स्वयंपाकघरांतल्या दोनशे सवयींवर सोसायटीच्या लहान मुलांचे पोट टांगून ठेवणे मला मान्य नाही.

'पालक तर शिजवतोच की आपण' असा मुद्दा तुमच्या सभेत आला असणार. शिजलेल्या पालकातून धोका जवळजवळ नाही, हे खरे. पण तो शिजण्याआधी सिंकमध्ये पडतो, विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर चिरला जातो, आणि त्याच बोर्डवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. म्हणून मी पालक, माठ, चवळी या पालेभाज्यांना पहिल्या वर्षी तरी परवानगी देत नाही. वर्षभर पाण्याची प्रत टिकली, तर मग बोलू.

अळूचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. कोकणातल्या घरांत न्हाणीघराच्या आणि मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ लावायची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. ती रीत शहाणपणाची होती, कारण मोरीच्या पाण्यात संडासाचे पाणी मिसळलेले नसे, अळू भरपूर शिजवूनच खाल्ले जाई, आणि केळीच्या घडाला जमिनीवरचे पाणी लागत नसे. तुमच्या एसटीपीत दोन्ही पाणी एकत्र येते, त्यामुळे ती रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. नवी इमारत बांधणाऱ्यांना मात्र मी आवर्जून सांगतो की आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी वेगळ्या पाइपातून उतरवा. त्याची प्रक्रिया स्वस्त पडते आणि बागेसाठी ते कितीतरी निश्चिंत असते.

आता जंतांकडे वळतो, कारण सोसायट्यांच्या रिपोर्टमध्ये ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. गोल जंताची अंडी क्लोरीनने मरत नाहीत. नेहमीच्या मात्रेतल्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्यानेही ती मरत नाहीत. ओलसर सावलीतल्या मातीत ती महिनोन्महिने जिवंत राहतात. जिवाणूंची संख्या शून्याला टेकलेली असली तरी अंडी असू शकतात. त्यांना अडवायचा मार्ग एकच, गाळणे. अंडी आकाराने बरीच मोठी, साधारण ४० ते ७० मायक्रॉनची असतात, त्यामुळे गाळ नीट बसत असेल आणि सँड फिल्टर वेळच्या वेळी बॅकवॉश होत (उलट्या प्रवाहाने धुतला जात) असेल तर ती बहुतांश अडकतात. एमबीआर किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनचा (अतिसूक्ष्म छिद्रांचा) पडदा असेल तर उत्तमच, त्यातून ती जाऊच शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे एक अंडे अशी आहे, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांचा संपर्क येत असेल तर त्याहून कडक काळजी घ्यायला सांगितले आहे. तुमच्या पोडियमवर मुले खेळतात. म्हणून लॅबला 'जंतांच्या अंड्यांचीही तपासणी हवी' असे लिहून द्या. न मागता ती कोणी करत नाही.

याच कारणासाठी एसटीपीचा गाळ भाजीच्या वाफ्यात कधीही घालू नका. पाण्यातून निघालेली अंडी जातात कुठे? त्या गाळात. सुकवून पोत्यात भरलेला गाळ काळाभोर, भुसभुशीत, अगदी गांडूळखतासारखा दिसतो आणि माळ्याला मोह होतो. पुरेशा उष्णतेने कंपोस्ट केलेला नसेल तर तो शोभेच्या झाडांनाही देऊ नये.

यंत्राबद्दल आता स्पष्ट बोलतो. मुंबईत मी जेवढी वाईट पाणी पाहिली, त्यांतली बहुतेक चांगल्या यंत्रांतून आलेली होती. एमबीबीआर असो, एसबीआर असो (ही शुद्धीकरणाच्या पद्धतींची नावे), आयआयटी मुंबईत विकसित झालेली मृदा-जैव पद्धत असो की नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची फायटोरिड असो, नीट चालवली तर सगळ्या पद्धती बागेपुरते पाणी देतात. बिघाड होतो तो चालवण्यात. वीजबिल कमी दिसावे म्हणून रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद केले जातात. ब्लोअर थांबला की टाकीतले हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात, सकाळी चालू केला तरी ते लगेच सावरत नाहीत, आणि पाणी गढूळ व वासाचे येऊ लागते. मग ऑपरेटर हायपो (क्लोरीनचे द्रावण) दुप्पट ओततो. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी घाणीवरच खर्च होतो, रोगजंतूंपर्यंत थोडाच पोहोचतो, आणि उरलेला झाडांच्या मुळांना भाजतो. बागेत गेलेल्या पाण्यात क्लोरीनचा शेष लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम असावा. पाचच्या वर गेला तर पाने करपतात.

कमिटीतल्या कोणालाही करता येईल अशी एक साधी परीक्षा सांगतो. कार्बन फिल्टरनंतरचे, क्लोरीन घालण्याआधीचे पाणी काचेच्या पारदर्शक बाटलीत भरा, बूच घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर कुजका वास आला किंवा पाणी काळपट झाले, तर त्यात कुजण्यासारखी घाण उरलेली आहे आणि रिपोर्टमधला बीओडीचा (कुजणाऱ्या घाणीच्या मापाचा) आकडा त्या दिवशीपुरताच खरा होता असे समजा. ही परीक्षा दर आठवड्याला करा. हातमोजे घालून करा आणि ते पाणी परत एसटीपीतच ओता.

लॅबसाठी नमुना कुठून घ्यायचा, हेही महत्त्वाचे. सगळे जण एसटीपीच्या आउटलेटला बाटली लावतात. तुम्ही ठिबकच्या शेवटच्या टोकाला लावा, कारण टाकीत आणि नळ्यांत साठून राहिलेल्या पाण्यात जंतू पुन्हा वाढतात. बाटली निर्जंतुक हवी, तिच्यात क्लोरीन मारणारे थायोसल्फेट आधीच घातलेले हवे, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये पोहोचायला हवी. थायोसल्फेट नसेल तर बाटलीत वाटभर क्लोरीन काम करत राहतो आणि रिपोर्ट खऱ्यापेक्षा देखणा येतो. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची निवडा. जिवाणूंची तपासणी दर महिन्याला, जंतांची तीन महिन्यांनी, क्षारांची वर्षातून दोनदा.

रुळांलगतच्या पालकाची तुलना ज्यांनी केली, त्यांची भीती खरी आहे, पण त्या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालता येणार नाहीत. रेल्वेने 'ग्रो मोर फूड' योजनेखाली मोकळ्या जमिनी लागवडीला दिल्या आणि तिथे पालक, माठ, मुळा, भेंडी पिकत आली. अडचण अशी की त्यांतल्या बऱ्याच जागी पाणी शेजारच्या नाल्याचे घेतले जाते. त्या पाण्यावर कसलीही प्रक्रिया झालेली नसते, आणि त्यात घरगुती मैल्यासोबत गॅरेजचे तेल, रंगकामाचे, मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांचे पाणीही येते. शिसे, कॅडमियम असे जड धातू त्यातून मातीत साठतात आणि पालेभाजी ते ओढून घेते. जंतू शिजवून मरतात, धातू शिजवून जात नाहीत. ते लोक हौसेने नाल्याचे पाणी घेत नाहीत हेही आपण लक्षात ठेवावे. शहराने त्यांना दुसरे पाणी दिलेले नाही.

तुमच्या एसटीपीत फक्त घरांचे पाणी येते, त्यामुळे धातूंचा प्रश्न फार लहान आहे. तरी तळमजल्यावरच्या दुकानांत गाड्यांचे गॅरेज, ड्रायक्लीनिंग किंवा फोटो-छपाईचे काम असेल तर त्यांचे पाणी तुमच्या टाकीत येते का, ते एकदा प्लंबरकडून पाहून घ्या. पोडियमवर माती कुठून आणली तेही विचारा. पाडकामाच्या राडारोड्यातून आलेल्या मातीत जुन्या रंगाचे शिसे असू शकते, आणि मग दोष नाहक पाण्यावर येतो.

क्षारांबाबत मुंबईकरांचे नशीब चांगले आहे. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचे पाणी मुळात फार गोडे आहे. घरात वापरल्यावर त्यात लिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम क्षारांची भर पडते. शेतीत पाण्याची ईसी (क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता) ०.७ पर्यंत असेल, म्हणजे टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला अंदाजे ४५० मिलिग्रॅमपर्यंत, तर कुठल्याच पिकाला अडचण मानत नाहीत, आणि तुम्ही त्याच्या आसपासच राहाल. वर पावसाळ्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून जमिनीतले उरलेसुरले क्षार धुऊन नेतो. राजस्थानात किंवा सोलापुरात हेच पाणी वापरणाऱ्याला ही सोय नाही.

दोन ठिकाणी मात्र हे गणित बिघडते. सोसायटी बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी वापरत असेल आणि ते सॉफ्टनरमधून (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) जात असेल, तर ते यंत्र मिठाने धुतल्याचे (रिजनरेशनचे) पाणी एसटीपीत येते. सोडियम वाढला की माती चिकट होते, वर पापुद्रा धरते आणि पाणी मुरत नाही. सॉफ्टनरचे ते पाणी एसटीपीत सोडू नका. दुसरे ठिकाण म्हणजे कुंड्या आणि पोडियमवरचे उथळ वाफे. तिथे माती थोडी, बाष्पीभवन जास्त. मार्च ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी खाली भोकांतून पाणी निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. आंब्याच्या किंवा घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तर समजावे की क्षार चढले. आंबा, घेवडा, स्ट्रॉबेरी, गाजर, कांदा ही क्षाराला हळवी पिके आहेत. नारळ आणि चिकू बरेच सोसतात. आपल्या किनाऱ्यावर ती इतकी रुजली, ती काही उगाच नाही.

खताचा हिशेब लोक विसरतात, म्हणून तो सोडवून दाखवतो. एसटीपीच्या पाण्यात नत्र लिटरला ३० मिलिग्रॅम आहे असे धरा. १०० चौरस मीटरच्या वाफ्याला दिवसाला ५०० लिटर पाणी, असे २०० दिवस दिले तर १ लाख लिटर पाणी झाले आणि त्यातून ३ किलो नत्र गेले. हेक्टरी हिशेबाने ३०० किलो. एवढे नत्र बहुतेक भाज्यांच्या गरजेहून जास्त आहे. वर माळीदादांनी सवयीने युरिया टाकला की वेल हिरवेगार, पाने हाताएवढी, आणि फळ मात्र नाही. मावा आणि भुरीही अशाच कोवळ्या पालवीवर तुटून पडते. या पाण्यावरच्या बागेत युरिया पूर्ण बंद करा. पालाश (पोटॅश) कमी पडतो, म्हणून केळी आणि नारळाला तेवढा वेगळा द्या.

आंब्याला तर हे पाणी वेळ पाहूनच द्यावे. पाऊस संपल्यावर आंब्याच्या झाडाला ताण बसावा लागतो, तरच डोळ्यांतून पालवीऐवजी मोहोर फुटतो. ऑक्टोबरपासून मोहोर येईपर्यंत पाणी अजिबात नको, आणि हे नत्राचे पाणी तर नकोच. फळे वाटाण्याएवढी ते सुपारीएवढी झाली की मग सुरू करावे आणि काढणीच्या आधी पंधरा-वीस दिवस थांबवावे. बागेच्या सगळ्या रांगा एकाच व्हॉल्व्हवर असतील तर हे जमणार नाही, म्हणून आंब्यांची लॅटरल (ठिबकची फाटा-नळी) वेगळी काढा. मुंबईतल्या सोसायट्यांत 'आमचा आंबा फळतच नाही' ही तक्रार मी ज्या ज्या ठिकाणी तपासली, तिथे बहुधा लॉनच्या स्प्रिंकलरचे पाणी वर्षभर बुंध्याशी पडत असलेले दिसले.

स्प्रिंकलरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या पाण्यासाठी स्प्रिंकलर किंवा हाताने धरलेला फवाऱ्याचा पाइप नको. तुषार हवेत राहतात, श्वासातून जातात, पानांवर आणि झोपाळ्यांवर बसतात. ठिबकच हवे, तेही शक्यतो नारळाच्या सोडणांच्या किंवा वाळल्या पानांच्या आच्छादनाखाली. आच्छादनामुळे माती उडून फळाला लागत नाही. या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाने आणि बुळबुळीत थराने ड्रिपर चोंदतात. म्हणून १२० ते १३० मायक्रॉनची डिस्क फिल्टर बसवा, आठवड्याला ती धुवा, लॅटरलची टोके पंधरा दिवसांनी उघडून फ्लश करा. झाडांभोवती मोठी आळी करून पाणी तुंबवू नका. तुंबलेले पाणी म्हणजे डास, आणि मुंबईत त्याची नोटीस घरपोच येते.

पाइपचा रंग वेगळा ठेवा. अनेक देशांत या पाण्यासाठी जांभळा वापरतात, तोच घ्या. प्रत्येक नळावर 'पिण्यासाठी नाही' असे मराठीत आणि हिंदीत लिहा, शिवाय चित्रही लावा, कारण लहान मुले आणि काही कामगार चित्रच वाचतात. नळाची चावी काढून ठेवता येईल असा नळ बसवा. एसटीपीच्या टाकीत उन्हाळ्यात पालिकेचे पाणी भरायची वेळ आली तर तो पाइप टाकीतल्या पाण्यात बुडलेला नसावा, वर मोकळी हवा राहील इतका उंच असावा. पालिकेच्या लाइनचा दाब गेला की बुडालेल्या पाइपातून हेच पाणी उलटे पिण्याच्या टाकीकडे ओढले जाते. या सगळ्या लेखातली सर्वांत गंभीर दुर्घटना हीच होऊ शकते. फळ-भाजीतून होणारा त्रास तिच्यापुढे किरकोळ आहे.

माळीदादांचा विचार सभेत कोणी केला का? रोज सर्वांत जास्त संपर्क त्यांचा आहे. त्यांना गमबूट, हातमोजे, साबण आणि हात धुवायला पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ द्या. बागेत बसून डबा खायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने टायफॉइडची लस आणि वर्षातून दोनदा जंतांचे औषध सोसायटीच्या खर्चाने द्यावे. टँकरच्या खर्चापुढे हा खर्च लहान आहे.

परदेशात तर याच पाण्यावर सॅलड पिकवतात, असे कोणी सांगेल, आणि ते खरे आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे भागात १९९८ पासून लेट्यूस, ब्रोकोली, आर्टिचोक, स्ट्रॉबेरी शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर होते. इस्रायल आपले जवळजवळ ९० टक्के सांडपाणी पुन्हा वापरतो, मुख्यतः शेतीत. पण तिथले मापदंड पाहा. कॅलिफोर्नियात कच्च्या खायच्या पिकाच्या पाण्यात १०० मिलीत एकूण कोलिफॉर्मची (विष्ठेतले जिवाणू ज्या गटात येतात त्या सगळ्या गटाची) मध्यक संख्या २.२ च्या वर चालत नाही. युरोपीय संघाचा जून २०२३ पासून लागू झालेला नियम ई. कोलाय १० च्या आत ठेवायला सांगतो. आपल्या हजाराच्या शंभरपट कडक. शिवाय पाण्याचा गढूळपणा यंत्र सतत मोजत असते आणि तो वाढला की पाणी शेताकडे जाणे थांबते. ही व्यवस्था तुमच्याकडे उभी राहिली, अल्ट्राफिल्ट्रेशन, यूव्ही आणि क्लोरीन तिन्ही लागले, रोजची नोंद ठेवली गेली, तर मी कोथिंबिरीलाही हो म्हणेन. आपल्या शहरात ते अशक्य नाही. चेंबूरला आरसीएफ हा खत कारखाना पालिकेचे मैलापाणी घेऊन आरओपर्यंत शुद्ध करतो आणि कारखान्यात वापरतो.

औषधांच्या अंशांबद्दल एका डॉक्टर सभासदांनी शंका काढली असे तुम्ही लिहिले आहे. शंका योग्य आहे. इस्रायलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन या फिटच्या औषधाचे अंश सापडले. प्रमाण औषध घेणाऱ्या रुग्णांच्या हजारो पट कमी होते, पण ते होते. पालेभाजीत असे अंश जास्त साठतात, फळांत कमी. पालेभाजी मागे ठेवण्याचे हे आणखी एक कारण. उरलेल्या गोळ्या आणि सिरप संडासात ओतू नयेत, एवढी सूचना लिफ्टमध्ये लावा.

वांगी, भेंडी, मिरची, टोमॅटो यांच्याबद्दल. वांगी आणि भेंडी शिजतातच, झाड उभे असते, आच्छादन आणि ठिबक असेल तर लावा. फक्त जमिनीला टेकलेली फळे टाकून द्या. मिरची आणि टोमॅटो कच्चे खाल्ले जातात, म्हणून ती काठीला बांधून, काढणीआधी तीन दिवस पाणी थांबवून, आणि तीन महिने सलग रिपोर्ट चांगले आल्यावरच. काकडीचेही तेच, मांडवावर चढवून. गळून पडलेले जांभूळ आणि आंबा मुले उचलून तसेच खातात, त्यामुळे जांभळाच्या झाडाखाली फळांच्या दिवसांत हे पाणी अजिबात सोडू नका. खाली जाळी बांधा.

नैवेद्याचे आजींना असे सांगा की गरज म्हणून कोणावरही हे लादलेले नाही. हिशेब पाहा: आठशे माणसे, माणशी १३५ लिटर वापर आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले तर रोज सुमारे ८६ हजार लिटर सांडपाणी निघते. फ्लशला ३६ हजार गेले तरी जवळपास ५० हजार उरतात. पन्नास नारळांना रोज ४० लिटर म्हणजे २ हजार, भाजीच्या ३०० चौरस मीटरला दीड हजार. पाणी इतके मुबलक आहे की धोक्याच्या पिकांपर्यंत ते ताणण्याचे कारणच नाही. ज्यांचे मन घेत नाही त्यांनी ती भाजी घेऊ नये, आणि वाटप करताना टोपलीवर 'एसटीपीच्या पाण्यावरची' असे स्वच्छ लिहावे. लपवून वाटली आणि नंतर कळले तर माणसे कायमची दुरावतात. तुळस, दूर्वा आणि बेल यांना मात्र पिण्याचेच पाणी घालावे. तुळशीचे पान तीर्थात आणि प्रसादावर कच्चे जाते, म्हणजे शास्त्राच्या हिशेबानेही ते कोथिंबिरीच्याच रांगेतले. आजींचा आग्रह आणि जागतिक आरोग्य संघटनेची सूचना इथे एकच आहे.

आता सुरुवात कशी करायची. पावसाळ्यात या पाण्याची बागेला गरज नाही, तेव्हा तो वेळ जांभळे पाइप, फिल्टर आणि वेगळ्या व्हॉल्व्हची कामे उरकायला वापरा. ऑक्टोबरात नारळ आणि केळीपासून सुरू करा. दोन रिपोर्ट, जंतांच्या तपासणीसह, नीट आले की नोव्हेंबर-डिसेंबरात वांगी आणि भेंडी लावा, जानेवारीत मांडवाखाली दुधी आणि पडवळ टोका. आंब्याचा व्हॉल्व्ह फळ धरेपर्यंत बंद ठेवा, आणि त्याची चावी माळीदादांकडे न ठेवता कमिटीतल्या एकाच माणसाकडे द्या.